अमेरिकेच्या इमिग्रेशन विधेयकांचं घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

उंबरठा (धागाकर्ता)

शेजारच्या धाग्यावर पुन्हा तोच प्रश्न आला. उद्योगांना सुधारणा हवी आहे, दोन्ही पक्षांतले बरेच लोक "हो" म्हणतात, मग कायदेशीर इमिग्रेशनची चौकट १९९० नंतर का बदलली नाही? पाच प्रतिसादांत चर्चा ट्रम्प-बायडेनवर घसरली, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. व्यक्तींबद्दल तिकडे भांडा, इथे यंत्रणेबद्दल बोलू.

माझं म्हणणं आधी मांडतो. विधेयकात काय लिहायचं हे हितसंबंधी गट ठरवतात. ते मतदानाला येणार की नाही हे पक्ष ठरवतो. हे दोन वेगळे दरवाजे आहेत. पहिला उघडल्याची बातमी वाचून लोक कायदा झालाच असं धरतात आणि मग दुसऱ्या दरवाज्याशी कपाळ आपटतं.

२०१३ चं सिनेटचं मोठं इमिग्रेशन बिल, एस. ७४४ घ्या. घडवणारे आठ सिनेटर: चार डेमोक्रॅट (शुमर, डर्बिन, मेनेंडेझ, बेनेट) आणि चार रिपब्लिकन (मॅकेन, ग्रॅहम, रुबिओ, फ्लेक). २००७ मध्ये तात्पुरत्या कामगारांच्या कलमावर बिल फुटलं होतं, त्यामुळे या वेळी त्या कलमाची वाटाघाट थेट भांडणाऱ्यांवरच सोपवली: यू.एस. चेंबर ऑफ कॉमर्स (उद्योगांची संघटना) आणि एएफएल-सीआयओ (कामगार युनियनांचा महासंघ). मार्च २०१३ च्या अखेरीस त्यांचं जमलं. नवा 'डब्ल्यू' व्हिसा, सुरुवात २०,००० पासून, कमाल मर्यादा २ लाख, बांधकाम क्षेत्राला वर्षाला फार तर १५,०००, आणि दरवर्षीचा आकडा ठरवायला वेगळा सरकारी विभाग. बांधकामाचा आकडा इतका कमी का? कारण त्या क्षेत्रातल्या युनियन एएफएल-सीआयओच्या आत सगळ्यात कडक आहेत. शेतीचं प्रकरण वेगळ्या टेबलावर, शेतमालक संघटना आणि युनायटेड फार्म वर्कर्स यांच्यात मिटलं.

एच-१बी ची मर्यादा ६५,००० वरून लाखाच्या वर, पुढे कमाल १,८०,००० पर्यंत नेणार होते. त्यासोबत "आधी अमेरिकन उमेदवार शोधा" ही अट होती. ज्युडिशियरी कमिटीत ऑरिन हॅच यांचं मत मिळवण्यासाठी ती अट बऱ्याच कंपन्यांपुरती सैल केली. युनियन चिडल्या, पण फुटल्या नाहीत. कमिटीत १३-५. मग मजल्यावर आणखी रिपब्लिकन मतं हवी होती, तेव्हा कॉर्कर-होवेन दुरुस्ती आली: सीमेवरचे जवान जवळजवळ दुप्पट म्हणजे ३८,००० च्या वर, ७०० मैल कुंपण, सगळं मिळून ४६ अब्ज डॉलरच्या घरात. २७ जून २०१३ ला सिनेटमध्ये ६८-३२ ने पास. चौदा रिपब्लिकन सोबत.

आणि पुढे? हाउसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, स्पीकर बेनर यांनी ते बिल मतदानाला आणलंच नाही. रिपब्लिकनांपैकी निम्म्याहून जास्तांचा पाठिंबा असल्याशिवाय आणणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. १० जून २०१४ ला त्यांच्याच पक्षाचे बहुमत नेते एरिक कँटर व्हर्जिनियातल्या प्रायमरीत (पक्षांतर्गत निवडणुकीत) पडले आणि उरलीसुरली आशाही संपली. हरण्याला कारणं अनेक होती, पण बाकीच्या खासदारांनी त्यातून इमिग्रेशनचाच धडा घेतला.

म्हणजे लॉबीचं काम शंभर टक्के झालं आणि कायदा शून्य टक्के. हे तुम्हाला कितपत पटतं?

मधली_ओळ

अर्धं पटतं. "पक्ष ठरवतो" म्हणताना पक्ष एकसंध आहे असं तुम्ही धरताय. इमिग्रेशनवर दोन्ही पक्ष आतून उभे चिरलेले असतात. रिपब्लिकनांत उद्योगवाले आणि संख्या कमी करा म्हणणारे, डेमोक्रॅटांत हक्कवाल्या संघटना आणि कामगार युनियन. त्यामुळे मजल्यावर विचित्र युत्या होतात, आणि कोणाला बिल मारायचं असेल तर विरोधात मत द्यायचीही गरज नसते.

२००७ चंच बघा. डेमोक्रॅट केनेडी आणि रिपब्लिकन काइल या सिनेटरांनी घडवलेला सौदा होता. एका बाजूला सुमारे सव्वा कोटी कागद नसलेल्यांना दर्जा, दुसऱ्या बाजूला नातेवाइकांच्या व्हिसांना कात्री लावून गुणांकन पद्धत, आणि मध्ये तात्पुरत्या कामगारांचा कार्यक्रम. डेमोक्रॅट बायरन डॉर्गन यांनी दुरुस्ती आणली की हा कार्यक्रम पाच वर्षांनी आपोआप बंद व्हावा. मे महिन्यात ती ४८-४९ ने पडली. जूनमध्ये परत आणली, ४९-४८ ने पास! युनियनच्या बाजूचे डेमोक्रॅट तर होतेच, पण मूळ बिलच पाडू बघणाऱ्या काही रिपब्लिकनांनीही हात वर केले. उद्योगांना ज्यासाठी बिल हवं होतं तो दांडाच काढून घेतला की ते कशाला जीव काढतील? २८ जूनला क्लोचर ४६-५३ ने कोसळलं.

त्या दिवसांत सिनेटचा टेलिफोन एक्स्चेंज फोनच्या भडिमाराने कोलमडला होता. चेंबर ऑफ कॉमर्सचे नव्हेत, नंबर्सयूएसए (स्थलांतरितांची संख्या कमी करा म्हणणारी संघटना) आणि रेडिओवरच्या निवेदकांनी उठवलेल्या सामान्य मतदारांचे फोन.

रविवारची_झोप

धागा भारी आहे, वाखूसा (वाचनखूण साठवली). पण क्लोचर, होल्ड, मजला, सगळं डोक्यावरून जातंय. कोणी इस्कटून सांगेल का? शाळेतल्या नागरिकशास्त्रासारखं नको, कुठे काय अडतं तेवढं सांगा.

तळटीप

सांगतो. मजला म्हणजे पूर्ण सभागृहापुढची चर्चा आणि मतदान. हाउस आणि सिनेट अडवण्याच्या बाबतीत अगदी उलट स्वभावाची आहेत.

हाउसमध्ये बिल ज्युडिशियरी कमिटीकडे, बहुधा तिच्या इमिग्रेशन उपसमितीकडे जातं. तिथे कलमवार खल होतो, त्याला मार्कअप म्हणतात. नंतर रूल्स कमिटी ठरवते की चर्चा किती तास आणि कोणत्या दुरुस्त्या येऊ द्यायच्या. ही कमिटी स्पीकरच्या मुठीत असते. म्हणून हाउसमध्ये बहुमत नसण्यापेक्षा तारीख न मिळणं हे मरणाचं मुख्य कारण. यावर उतारा एकच, डिस्चार्ज पिटिशन: २१८ सह्या गोळा केल्या की स्पीकरला वळसा घालता येतो. २०१८ मध्ये ड्रीमर्ससाठी (लहानपणी आणलेल्या, कागद नसलेल्या तरुणांसाठी) मध्यममार्गी रिपब्लिकनांनी तो प्रयत्न केला. २१६ सह्या झाल्या. दोन कमी! शेवटच्या टप्प्यात नेतृत्वाने "आपलंच बिल आणतो" म्हणून उरलेल्यांना थोपवलं, आणि ते बिल २७ जूनला १२१-३०१ असं आपटलं. आठवडाभर आधी त्याहून कडक असलेलं गुडलॅट बिल १९३-२३१ ने पडलं होतं. थोपवण्याचा हेतू मात्र सफल झाला.

सिनेटमध्ये बिल आणणं सोपं, संपवणं अवघड. चर्चा थांबवायला क्लोचर लागतं: १६ सिनेटरांच्या सहीचा प्रस्ताव, मध्ये एक दिवस जाऊ द्यायचा, मग ६० मतं, आणि ती मिळाली तरी पुढे ३० तासांपर्यंत चर्चा. हे दोनदा होऊ शकतं, एकदा बिल चर्चेला घेण्यासाठी आणि एकदा बिलावर. त्यामुळे एकाच बिलात दोन-तीन आठवडे सहज जातात आणि नेत्याकडे तेवढे आठवडे नसतात. दुसरा रस्ता एकमताचा. दोन्ही बाजूंच्या कार्यालयांना फोनवरून विचारतात, कोणाची हरकत नसेल तर बिल मिनिटात पास. एकाने जरी हरकत घेतली तरी संपलं. त्या आगाऊ हरकतीला होल्ड म्हणतात.

आणि एक बारीक गंमत. मतदानाच्या याद्या वाचताना बहुमत नेत्याचं "नाही" हे खरं नाही असेलच असं नाही. क्लोचर पडतंय असं दिसलं की तो मुद्दाम हरणाऱ्या बाजूला मत देतो, कारण नियमानुसार फेरविचाराचा प्रस्ताव जिंकलेल्या बाजूलाच मांडता येतो. ७ फेब्रुवारी २०२४ च्या ४९-५० मध्ये शुमर यांचं "नाही" तसंच आहे. बातम्यांत "शुमरही विरोधात" असं वाचून लोक चक्रावतात.

शेवटची अट तर सगळेच विसरतात: दोन्ही सभागृहांत मजकूर स्वल्पविरामासकट सारखा हवा, आणि तोही त्याच काँग्रेसच्या दोन वर्षांत. विषम वर्षाच्या ३ जानेवारीला दुपारी पाटी कोरी होते.

पाटीपेन्सिल

@तळटीप, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाचं सगळ्यात कडू उदाहरण म्हणजे देशनिहाय मर्यादा. इथल्या बहुतेक वाचकांना त्याच्यात रस असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गणित. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,०००. हा आकडा १९९० च्या कायद्यातला, आणि त्यात अर्जदाराचे जोडीदार-मुलंही मोजली जातात. ईबी-२ (उच्च पदवीधरांचा वर्ग) चा वाटा २८.६ टक्के म्हणजे ४०,०४०. एका देशाला त्याच्या ७ टक्के म्हणजे साधारण २,८००. कुटुंबं वजा केली तर प्रत्यक्ष नोकरदार त्याहून बरेच कमी. बाकी देश आपला वाटा वापरत नसतील तर उरलेलं रांगेत पुढे असलेल्यांना मिळतं, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

हाउसमध्ये ही मर्यादा काढायचं बिल दोनदा प्रचंड बहुमताने पास झालंय. २०११ मध्ये एच.आर. ३०१२, ३८९-१५. २०१९ मध्ये एच.आर. १०४४, ३६५-६५. एवढा पाठिंबा अमेरिकेत टपाल कचेरीला नाव द्यायच्या बिलालाच मिळतो. तरी कायदा नाही!

कारण बिल एकूण आकडा वाढवत नव्हतं, फक्त रांग नव्याने लावत होतं. एकाला पुढे घेतलं की दुसरा मागे जाणारच. २०१९ च्या बिलाबाबत सिनेटमध्ये काय झालं ते बघा. सिनेटर रँड पॉल म्हणाले, रांग बदलली तर परदेशी परिचारिकांची वाट बंद होईल, त्यांच्यासाठी दरवर्षी ५,००० राखून ठेवा. मागे रुग्णालयं होती. ते मान्य झालं. डर्बिन म्हणाले, आकडा वाढवल्याशिवाय हे अन्यायाचं आहे. मागे बाकीच्या देशांचे अर्जदार आणि त्यांच्या संघटना. त्यांच्याशी बिल पुढे नेणाऱ्या माइक ली यांनी तडजोड केली. ग्रासली यांना एच-१बी वर निर्बंध हवे होते, तेही घातले. त्यानंतर रिक स्कॉट यांना चीनच्या कम्युनिस्ट पक्षाशी आणि लष्कराशी संबंधितांवर बंदी हवी होती, तीही आली. एकेक होल्ड उचलत उचलत २ डिसेंबर २०२० ला सिनेटमधलं जोडबिल एस. ३८६ एकमताने पास झालं. लोकांनी इकडे पेढे वाटले.

पण तोपर्यंत तो मजकूर हाउसने पास केलेला राहिलाच नव्हता. प्रत्येक होल्ड उचलण्याची किंमत म्हणून एकेक अट आत आली होती, आणि त्या अटींचे विरोधक हाउसमध्ये बसले होते. काँग्रेस संपायला महिना उरलेला. मेळ बसला नाही आणि ३ जानेवारीला दोन्ही बिलं गेली. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच धर्तीचं ईगल बिल हाउसच्या मजल्यावर येणार होतं, तेव्हा मतं जुळत नाहीत म्हणून मतदानाआधीच मागे घेतलं.

@उंबरठा, यात पक्षाने काहीच अडवलं नाही. गटांनीच गटांना अडवलं. तुमचा सिद्धान्त मोठ्या बिलांना लागू पडतो, छोट्यांना नाही.

उंबरठा

मान्य, सुधारून घेतो. पण मग उलटा प्रश्न येतो. छोटं बिलही एकटं चाललं की मरतं, तर १९९० नंतर इतके छोटे छोटे बदल झाले कसे?

तळटीप

एकटं न चालून! जे बिल पास होणं भागच असतं त्याच्या पाठीवर बसून. २००५ च्या मे महिन्यातलं इराक-अफगाणिस्तानसाठीचं तातडीचं खर्च विधेयक हा त्याचा उत्तम नमुना. युद्धाचे पैसे आणि त्सुनामीची मदत असलेल्या बिलात काय काय बसलं होतं:

रिअल आयडी कायदा, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स आणि आश्रयाचे कडक नियम. हा हाउसमधले रिपब्लिकन सेन्सेनब्रेनर यांचा हट्ट. ऑस्ट्रेलियन नागरिकांसाठी नवा ई-३ व्हिसा, वर्षाला १०,५००. मेरीलँडच्या खेकडे सोलणाऱ्या कारखान्यांसाठी एच-२बी (शेतीबाहेरच्या हंगामी कामगारांचा व्हिसा) ची सवलत: मर्यादा ६६,०००, ती दोन सहामाहींत ३३-३३ हजार वाटली आणि आधी येऊन गेलेल्या कामगारांना मोजणीतून वगळलं. त्यामागे सिनेटर बार्बरा मिकुल्स्की, पक्क्या डेमोक्रॅट. कारण वाटणी होण्याआधी सगळे व्हिसा हिवाळ्यात काम लागणारे हंगामी उद्योग आधीच उचलायचे आणि उन्हाळ्यात खेकडेवाल्यांच्या हाती काही उरायचं नाही. आणि परिचारिका वगैरेंसाठी जुन्या न वापरलेल्या ग्रीन कार्डांतून ५०,०००.

चार गट, चार दिशा, एक सही. यातलं एकही वेगळं बिल म्हणून आलं असतं तर आजही कमिटीत पडून असतं.

एच-२बी चं तर आता वार्षिक श्राद्धासारखं झालंय. दर वर्षीच्या खर्चाच्या कायद्यात एक ओळ टाकतात की होमलँड सिक्युरिटी सचिवाला वाटलं तर जास्तीचे व्हिसा द्यावेत, अलीकडे ६४,७१६ पर्यंत. मूळ मर्यादा १९९० पासून तीच. बदल करायची जबाबदारी कोणावरच नको, म्हणून ती सचिवाच्या गळ्यात.

चष्मा_विसरलो

याच न्यायाने एक उलट उदाहरण. ज्यांचा वकील टेबलावर नसतो त्यांच्या खिशातून बिलाचा खर्च काढतात.

ऑगस्ट २०१० मध्ये सीमा सुरक्षेसाठी ६०० दशलक्ष डॉलर हवे होते. पैसे कुठून? ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आणि त्यातले निम्म्याहून जास्त एच-१बी किंवा एल-१ (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) वर असलेल्या कंपन्यांना प्रत्येक एच-१बी अर्जामागे २,००० डॉलर जादा फी, एल-१ ला त्याहून थोडी जास्त. ही व्याख्या अशी बेतली होती की मोठ्या अमेरिकी टेक कंपन्या तिच्यात येत नाहीत आणि भारतीय आयटी कंपन्या नेमक्या येतात. मेक्सिकोच्या सीमेचा आणि बंगळुरूच्या प्रोग्रॅमरचा संबंध काय? काही नाही. पण त्यांच्या बाजूने बोलणारा मतदारसंघ कोणत्याच पक्षात नव्हता.

त्यातही प्रक्रियेची ठेच लागली. सिनेटने आधी आपलं बिल पास केलं, पण महसुलाची बिलं हाउसमधूनच निघाली पाहिजेत हा घटनेचा नियम. हाउसने तो दाखवून स्वतःचं एच.आर. ६०८० पास केलं आणि सुट्टीवर गेलेल्या सिनेटला ऑगस्टमध्ये मोजक्या सदस्यांनिशी पुन्हा बसून ते एकमताने मंजूर करावं लागलं. डिसेंबर २०१५ च्या खर्च विधेयकात तीच फी ४,००० आणि एल-१ साठी ४,५०० झाली.

२०२५ मध्ये पैसे बाहेर पाठवण्यावरच्या कराचं बघा. हाउसच्या पहिल्या मसुद्यात ५ टक्के, हाउसने पास केलं तेव्हा ३.५, शेवटी १ टक्का आणि तोही फक्त रोख, मनी ऑर्डर, कॅशियर्स चेक अशांवर. बँक खात्यातून किंवा अमेरिकी कार्डावरून पाठवलं तर नाही. पैसे पाठवणारे स्थलांतरित काय म्हणतात यावर पाच टक्क्यांचा एक झाला नाही, बँका, कार्ड आणि पैसे पाठवणाऱ्या कंपन्या बोलल्यावर झाला, असा माझा कयास.

मधली_ओळ

कयास पटण्यासारखा आहे. पण "लॉबी म्हणजे पैसा" इथे थांबू नका. पैसा चेंबरकडे नंबर्सयूएसएपेक्षा कितीतरी पट जास्त. तरी मोठ्या बिलांत तो का हरतो?

कारण चेंबरच्या यादीत इमिग्रेशन कुठेतरी चौथं-पाचवं. वर कर, व्यापार, नियमन, कोर्टकज्जे. ज्या रिपब्लिकनाने करकपातीला मत दिलं त्याने इमिग्रेशनवर पाठ फिरवली तर चेंबर त्याला प्रायमरीत पाडणार नाही. उलट संख्या कमी करा म्हणणाऱ्यांचा एकच विषय असतो. ते प्रत्येक खासदाराला ए-प्लस ते एफ श्रेणी देतात आणि कार्यालयात फोन करणारा माणूस त्याच मतदारसंघातला असतो. कर्मचारी फोन मोजतात, सौम्य पाठिंबा मोजत नाहीत.

युनियनचं मत तर एकदा पूर्ण फिरलंय. १९८६ मध्ये एएफएल-सीआयओ मालकांवरच्या दंडाच्या बाजूने होती, फेब्रुवारी २००० मध्ये तिने तोच दंड रद्द करा असा ठराव केला. तोवर हॉटेल आणि सफाई कामगारांच्या युनियनमध्ये नवे सभासद स्थलांतरितच होते, आणि युनियन उभी राहू लागली की मालक कागदांची भीती दाखवायचे. रोनाल्ड रेगन यांनी सही केलेल्या त्या कायद्यातलं कलम बघा: "जाणूनबुजून" कामावर ठेवलं तरच दंड, आणि आय-९ (कामाचा हक्क तपासायचा) फॉर्म भरताना कागद वरवर खरा दिसला की मालक सुटला. हे शब्द मालक संघटनांनी घालून घेतलेले. परिणाम काय? सुमारे २७ लाखांना दर्जा मिळाला, दंडाची बाजू पोकळ राहिली, बनावट कागदांचा धंदा वाढला. आजही "आधी सीमा, मग दर्जा" म्हणणारा प्रत्येक जण त्या एका शब्दाचं व्याज वसूल करतोय.

गणित_कच्चं

शेतीवर कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मालक-मजूर दोघांचं जमूनही बिल कसं अडतं याचा तो शुद्ध नमुना आहे.

फार्म वर्कफोर्स मॉडर्नायझेशन बिल, हाउसमध्ये ११ डिसेंबर २०१९ ला २६०-१६५ आणि १८ मार्च २०२१ ला २४७-१७४. गेल्या दोन वर्षांत किमान १८० दिवस शेतात काम केलेल्याला साडेपाच वर्षांचा दर्जा. ग्रीन कार्डासाठी १,००० डॉलर दंड आणि आणखी काम: आधी दहा वर्षं झाली असतील तर चार वर्षं, नसतील तर आठ. बदल्यात शेतीत ई-व्हेरिफाय (कामाचा हक्क ऑनलाइन तपासणं) सक्तीचं. एच-२ए (शेतमजुरांचा व्हिसा) वर्षभर चालेल असे २०,००० व्हिसा, त्यातले निम्मे दूधवाल्यांसाठी, कारण गाय हंगाम बघून दूध देत नाही आणि एच-२ए फक्त हंगामी कामाला मिळतो. म्हणून तर आयडाहोच्या डेअरीपट्ट्यातले रिपब्लिकन माइक सिम्पसन सोबत होते.

सिनेटमध्ये अडलं ते मजुरांच्या दाव्याच्या हक्कावर. अमेरिकन फार्म ब्युरोला धास्ती होती की एच-२ए मजुरांना हंगामी शेतमजूर संरक्षण कायद्याखाली फेडरल कोर्टात जाता येईल. युनियनला तेवढंच कलम प्राणासारखं. ब्युरोचा पाठिंबा नाही म्हटल्यावर ग्रामीण राज्यांतले रिपब्लिकन हलेनात.

त्याखाली आणखी एक कारण आहे, ज्याची बातमी होत नाही. एच-२ए ला संख्येची मर्यादाच नाही. २००५ मध्ये पन्नास हजारांच्या आत असलेल्या मंजूर जागा २०२२ पर्यंत साडेतीन लाखांच्या वर गेल्या. महाग आहे, कटकटीचं आहे, घरं द्यावी लागतात, पण मजूर मिळतो. ज्या मालकाची गरज अशी भागते तो वॉशिंग्टनला कडक फोन करत नाही.

रविवारची_झोप

मग २०२४ चं काय? तिथे तर लॉबीही होती, सीमेवरच्या जवानांची युनियनही बाजूने होती.

उंबरठा

ते पुन्हा माझ्या दुसऱ्या दरवाज्याचं उदाहरण. लँकफर्ड, मर्फी, सिनेमा यांनी चार महिने घासाघीस केली. ४ फेब्रुवारीला मजकूर बाहेर आला. सात दिवसांची सरासरी ५,००० वर गेली की सीमेवर आश्रय बंद, शिवाय पाच वर्षांत अडीच लाख जादा ग्रीन कार्डं आणि एच-१बी वाल्यांच्या २१ पूर्ण करणाऱ्या मुलांना संरक्षण. नॅशनल बॉर्डर पेट्रोल कौन्सिलने पाठिंबा दिला. तीन दिवसांत खेळ खलास, रिपब्लिकनांची फक्त चार मतं. निवडणूक वर्षात हा मुद्दा सुटावा असं त्यांच्या संभाव्य उमेदवाराला वाटत नव्हतं. मे महिन्यात परत आणलं तर ४३-५०, कारण आता डेमोक्रॅटही गळले.

तळटीप

याच्या पुढची पायरी रिकन्सिलिएशन. अर्थसंकल्पाच्या या खास रस्त्याने ६० ऐवजी ५१ मतं पुरतात, पण बर्ड नियमानुसार मुख्यतः पैशाचीच कलमं चालतात. २०२१ मध्ये डेमोक्रॅटांनी दर्जाची कलमं तीन वेगवेगळ्या रूपांत आणली, सिनेटच्या पार्लमेंटेरियन (नियमांचा अर्थ सांगणाऱ्या अधिकारी) एलिझाबेथ मॅकडोना यांनी तिन्ही बाहेर काढली. जुलै २०२५ मध्ये रिपब्लिकनांनी त्याच रस्त्याने भिंतीला ४६.५ अब्ज आणि कोठडीला ४५ अब्ज डॉलर नेले, सिनेटमध्ये ५१-५०.

नियम दोघांना एकच, फळ मात्र वेगळं. कोठड्या, भिंत, जवान हा खर्च असतो. माणसाला कायदेशीर करणं हे धोरण. त्यामुळे ५१ मतांत सक्ती वाढवता येते, दर्जा देता येत नाही. यात कोणाचा कट नाही, पण एका बाजूला उतार आहे आणि दुसरीला चढ.

चष्मा_विसरलो

नव्यांसाठी थोडं कामाचं. बिलाची बातमी आली की आधी काँग्रेस.गव्ह वर "ॲक्शन्स" उघडा. "कमिटीकडे पाठवलं" एवढंच असेल तर चहा घ्या आणि विसरा, हजारोंनी पडून असतात. सहप्रायोजकांची यादी बघा: दोन्ही पक्षांचे जोडीजोडीने येत असतील तर प्रयत्न खरा आहे, शंभर जण एकाच पक्षाचे असतील तर ते जाहीरनाम्याचं पान आहे. मजकुराच्या आवृत्त्या ताडून बघा. मांडलेल्या आणि पास झालेल्या मजकुरात जे कलम नवीन दिसतं, तिथेच कोणाचं तरी मत विकत घेतलेलं असतं.

कोण दबाव टाकतंय ते लॉबिंगच्या तिमाही एलडी-२ अहवालांत दिसतं. मुदत तिमाही संपल्यावर २० दिवस, म्हणजे २० एप्रिल, २० जुलै असं. विषयाचा संकेत 'आयएमएम' टाकून शोधा. एक खोट आहे: अहवालात बिल क्रमांक असतो, पण बाजूने की विरोधात हे लिहायची सक्ती नाही, आणि रक्कम सगळ्या विषयांची मिळून एकच. "अमुक कंपनीने एच-१बी साठी इतके कोटी उडवले" अशा मथळ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नका.

आणि क्रमांकासोबत काँग्रेस कितवी ते बघत चला. दर दोन वर्षांनी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. व्हॉट्सॲपवर दर जानेवारीत "एच.आर. १०४४ पास झालं" फिरतं ते २०१९ चं असतं.

पाटीपेन्सिल

एक शेवटचा प्रश्न. एस. ३८६ च्या वेळी होल्ड कोणाचा ते मजल्यावर उघडपणे कळत होतं. पण कधी कधी नावच येत नाही. २०११ मध्ये गुप्त होल्ड बंद केले होते ना?

तळटीप

कागदावर बंद. २०११ च्या ठरावाप्रमाणे होल्ड ठेवणाऱ्याने कामकाजाच्या दोन दिवसांत काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये नाव द्यायचं असतं. पण ते घड्याळ सुरू होतं ते त्याच्या वतीने मजल्यावर हरकत घेतली गेल्यावर. नेत्याने हरकत येणार हे ओळखून बिल मांडलंच नाही, तर घड्याळ सुरूच होत नाही आणि नावही येत नाही. त्यामुळे शोधायचंच असेल तर बिलाच्या बाजूच्या एखाद्या सिनेटरने मजल्यावर उभं राहून एकमताची विनंती करावी लागते, म्हणजे समोरच्याला तोंडाने "आय ऑब्जेक्ट" म्हणावं लागतं. ली यांनी २०१९ मध्ये नेमकं हेच पुन्हा पुन्हा केलं, आणि पॉल, पर्ड्यू, डर्बिन ही नावं एकेक करून बाहेर आली.